भिंतीतले पाणी

अकोल्याच्या जठारपेठेतील एखाद्या हौशी गृहस्थाने आपल्या ओसरीच्या भिंतीसाठी चिनी मातीचे कारंजे मुद्दाम घडवून मागितले, म्हणजे शेजारीपाजारी ती मुंबईकडची नवी चाल समजतात. परंतु ज्या वऱ्हाडावर १८५३ पर्यंत निजामाचा अंमल होता, त्याने या चालीस नवी म्हणू नये, कारण त्याच अंमलाखालील औरंगाबादेत पाणी भिंतीत चढवून तिच्या माथ्यावरून हौदात सोडण्याची विद्या मातीच्या नळांवर पूर्णत्वास गेली होती.

तिचा पाया मलिक अंबराने घातला. १६१० च्या सुमारास खडकीस, म्हणजेच पुढच्या औरंगाबादेस, राजधानी वसविल्यावर त्याने डोंगराच्या बाजूचे भूगर्भातील पाणी नहरींनी शहरात आणले. पुढे अठराव्या शतकात, आसफजाही सरदार तुर्कताजखान याने बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभारली, तेव्हा दूरच्या झऱ्याचे पाणी नळांतून आणून उंच भिंतीत चढविले गेले. तेथून ते खालच्या हौदात धबधब्यासारखे कोसळते आणि त्याच पाण्याच्या जोरावर चक्की फिरून दर्ग्याच्या आश्रितांचे दळण होत असे. माझ्या मते आपल्याकडील सर्वांत भव्य भिंत-कारंजे तेच होय, मग त्याच्या कर्त्यांच्या मनात शोभेपेक्षा पीठ अधिक असेना का!

या सर्व खटाटोपाचा आधार खापरी नळ. एका नळाचे निमुळते तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवावयाचे, सांधा चुन्याने बुजवावयाचा आणि सारी ओळ चुनेगच्चीत गाडून टाकावयाची. मग उगम उंचावर असेल तर बंद नळातले पाणी, मार्गातील घर्षणाने गमावलेली उंची वजा जाता, आपण होऊन वर चढते. सनदा आणि शिलालेख सरदारांची नावे सांगतात. ज्या कुंभाराच्या नळाला एक तडा गेला असता तर सरदाराचा हौद कोरडा पडला असता, त्याचे नाव मात्र कोणत्याही दफ्तरात शोधून सापडावयाचे नाही. पुण्यातही कात्रजचे पाणी नानासाहेब पेशव्यांनी शहरात आणले म्हणूनच शनिवारवाड्यातील कमलाकृती हजारी कारंजे नाचू शकले. परंतु लोक पाहत राहिले ते कमळ.

मातीने भिंतीतून बाहेर येऊन स्वतःचे रूप दाखवावे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात मृत्तिकाकामाची शाखा चालविली आणि तिच्या झिलईदार भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतील आकृती उतरू लागल्या. ही झिलई म्हणजे नुसता साज नव्हे, हे वऱ्हाडाइतके दुसऱ्या कोणत्या प्रांताने जाणावे? अकोल्याच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरीचे पाणी कोऱ्या, सच्छिद्र मातीत मुरले आणि वैशाखाच्या उन्हात आटले, की मागे राहिलेले क्षार स्फटिक होऊन पृष्ठभाग आतून उचलतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. झिलई अखंड असेल आणि पाठीमागची बाजूही नीट बंद केली असेल तरच त्याला अटकाव होतो.

दुसरी अडचण मातीच्या स्वभावातली. वाळून आणि भाजून ती सुमारे दशांशाने आकसते, आणि मोठा सलग तक्ता भट्टीत वाकतो. म्हणून कसबी कारागीर कारंजे तुकड्यांत पाडतो, वेलीच्या देठामागे किंवा सिंहमुखाच्या आयाळीत सांधे लपवितो आणि सारे माप मुळातच वाढवून धरतो. गिऱ्हाईक मात्र मोराचा पिसारा कोणत्या रंगाचा असावा यावर घासाघीस करीत बसते. शहाणा कारागीर ती ऐकून घेतो, परंतु इसार घेण्यापूर्वी एवढे विचारून ठेवतो की, यात पाणी शहराला पुरविणाऱ्या महान गावच्या धरणाचे फिरणार की परसातल्या विहिरीचे.