स्नोमोबिल कार्ब्युरेटर : दोषशोधन
बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबिलच्या कार्ब्युरेटरमधील दोष लक्षणांवरून ओळखून दूर करण्याची पद्धती (पहा : अंतर्ज्वलन एंजिन).

उगम : व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये जर्मनीत फवारा-कार्ब्युरेटर विकसित केला. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बाँबार्डिए यांची ‘स्की-डू’ १९५९ मध्ये बाजारात आली आणि हलकी स्नोमोबिल लोकप्रिय झाली. मात्र बर्फाचा हंगाम संपला की हे वाहन महिनोन्‌महिने उभे राहते. टाकीत व कार्ब्युरेटरमध्ये उरलेले पेट्रोल उडून जाऊन चिकट राळ मागे राहते. बहुतेक दोषांचे मूळ येथेच असते.

लक्षणे : चोक ओढल्यावरच एंजिन चालत असेल, तर बारीक छिद्राचा पायलट जेट तुंबल्याचा संशय घेतात. पूर्ण थ्रॉटलला एंजिन दम तोडत असेल, तर मुख्य जेट व इंधनपुरवठा तपासतात. ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल गळणे हे फ्लोट किंवा सुई-झडपेतील दोषाचे लक्षण होय. प्लग काजळला असल्यास मिश्रणात पेट्रोल जास्त, पांढरा पडल्यास कमी (पहा : स्पार्क प्लग).

उपाय : जेट काढून द्रावकाने धुतात व दाबाच्या हवेने फुंकतात. तार घातल्यास छिद्र मोठे होते. मधल्या थ्रॉटलसाठी जेटमधील सुईची क्लिप एक खाच खाली लावली, की सुई वर उचलली जाऊन पेट्रोल वाढते.

महत्त्व : थंड हवा घन असल्याने कडाक्याच्या थंडीत मोठा, तर उंच डोंगरावर लहान मुख्य जेट लागतो. पेट्रोल कमी पडल्यास द्विधाव एंजिनाचा पिस्टन तापून जाम होतो. नव्या वाहनांत पेट्रोलच्या प्रमाणाचे हे नियमन संवेदकांद्वारे होते (पहा : इंधन अंतःक्षेपण).