गिरण्यांची मद्यगृहे आणि सीमाभागाचे ऋण

मुंबईत लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात आज मंद दिव्यांची मद्यगृहे थाटली आहेत. बेळगाव-निपाणीच्या वाचकाला गिरणगावाचा इतिहास परका नाही. १७ जानेवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी आपल्याकडील माणसे गोळीबारात पडली. त्याच दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर उतरलेल्यांत गिरणी कामगार बहुसंख्येने होते. पुढे मुंबई महाराष्ट्राला मिळाली, सीमाभाग मात्र बाहेर राहिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. अनेकांना पुन्हा काम मिळाले नाही. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीत शहर, घरबांधणी आणि मालक असे वाटे ठरविले. २००१ च्या दुरुस्तीने पहिले दोन वाटे मोकळ्या जमिनीपुरतेच उरले. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलमधील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जीव गेले.

जुन्या वास्तूचा नवा उपयोग व्हावा, यात गैर नाही. परंतु देवळाचा जीर्णोद्धार करतानाही आपण जुना शिलालेख जपतो. तेथे कामगारांच्या स्मृतीचा एक दगड तरी असावा; आणि १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करताना आपणही त्यांचे स्मरण करावे.