‘पत्री’ची जप्ती आणि साठ वर्षे

साने गुरुजी म्हटले की ‘श्यामची आई’ आठवते. नाशिकच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिलेले ते पुस्तक. पण गुरुजी कवीही होते. त्यांच्या ‘पत्री’ या कवितासंग्रहाचा इंग्रज सरकारने असा धसका घेतला, की त्याच्या प्रती जप्त केल्या. पुस्तक दडपायचे म्हणजे तेव्हा कागद हस्तगत करायचा. एखादी प्रत कुणाच्या कणगीत लपून राहिली, की तेवढी बंदी फसली!

स्वातंत्र्य आले, तसा जप्तीचा धाक गेला. मात्र पुस्तक सर्वांचे व्हायला आणखी अवकाश होता. गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले. 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखकामागे स्वामित्वहक्क पन्नास वर्षे चालणार, म्हणजे 2001 च्या आरंभी त्यांचे लेखन मोकळे व्हायचे. मध्ये आले रवींद्रनाथ! ते 1941 साली वारले, म्हणून त्यांच्या ग्रंथांवरचा विश्वभारतीचा हक्क 1991 अखेर संपत होता. त्याच डिसेंबरात वटहुकूम निघाला, 1992 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मुदत साठ वर्षांची झाली. एका बंगाली महाकवीसाठी सरकलेल्या रेषेमागे आमचे मराठी लेखकही दहा वर्षे थांबले. गुरुजींचे साहित्य 1 जानेवारी 2011 रोजी खुले झाले.

लेखकाच्या मुलाबाळांना दोन पैसे मिळावेत, याला माझी ना नाही. मीही कवीच आहे. शिवाय गुरुजींची पुस्तके छापली जातच होती. हाल होतात ते वारस ठाऊक नसलेल्या, प्रकाशक बुडालेल्या पुस्तकांचे. परवानगी द्यायला कुणी नाही आणि मुदत मात्र चालूच.

ही अडचण ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ला भोवली. केंद्र सरकारच्या पाठबळावर, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने लाखो जुनी पुस्तके संगणकावर आली होती, त्यात मराठीही. भद्रावतीहून नागपूरचे ग्रंथालय गाठायचे तर दिवस मोडतो. आमच्यासारख्यांना हा ठेवा केवढा मोठा! हक्कांच्या तक्रारींपायी 2017 च्या सुमारास तो बंद झाला. त्यातल्या पुष्कळ प्रती अमेरिकेतल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने जपून ठेवल्या, म्हणून वाचल्या.

आणि ऑगस्ट 2017 मध्ये तेच दार भारतात काही दिवस बंद झाले. दोन हिंदी चित्रपटांची चोरी रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने दोन हजारांहून अधिक संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला होता. त्या यादीत हे ग्रंथालयही सापडले.

जुन्या जप्तीला निदान एक शिस्त असते. छापील पुस्तक जप्त करायचे तर सरकारला कारणासह अधिसूचना काढावी लागते. दोन महिन्यांच्या आत तिला उच्च न्यायालयात आव्हान देता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली संकेतस्थळ रोखताना मात्र 2009 च्या नियमांनी गुप्तता घालून दिली आहे. न्यायालयाच्या आदेशाने आलेली बंदीही वाचकापर्यंत मुकीच पोहोचते. त्या ऑगस्टमध्ये पान उघडणाऱ्याला दूरसंचार विभागाच्या सूचनेनुसार ते रोखल्याची एक ओळ दिसत होती. कारण लिहिलेले नव्हते.