मतपत्रिकेवरचा ओळखीचा आवाज : नोली दे कास्त्रो आणि फिलिपिन्सचे राजकारण

१/
मे २००४. फिलिपिन्समध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. खरी लढत नोली दे कास्त्रो आणि लॉरेन लेगार्डा यांच्यात होती. दोघेही सिनेटर, आणि त्याआधी दोघेही एबीएस-सीबीएन या एकाच वाहिनीचे वृत्तनिवेदक. जवळजवळ सगळी मते या दोघांतच वाटली गेली. बातमी सांगणाऱ्यांच्या हाती देशाचे दुसऱ्या क्रमांकाचे पद कसे आले, त्याचा हा मागोवा.

२/
ही वाट त्यांनीच प्रथम मळलेली नव्हती. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय निवेदक एडी इलार्दे १९७१ मध्ये सिनेटवर निवडून आले. त्याच प्रचारात, २१ ऑगस्टला, मनिलाच्या प्लाझा मिरांडा येथील लिबरल पक्षाच्या सभेवर हातबॉम्ब फेकले गेले. जखमी उमेदवारांत इलार्देही होते. वर्षभरातच ते सिनेट सभागृहच बंद पडले.

३/
सप्टेंबर १९७२ मध्ये फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. वृत्तपत्रांना, नभोवाणी केंद्रांना आणि वाहिन्यांना टाळे लागले. एबीएस-सीबीएन पुढे चौदा वर्षे आपल्या मालकांच्या हातून गेली. बोलण्याची मुभा उरली ती सत्तेला न दुखावणाऱ्या विषयांपुरती.

४/
त्या अरुंद फटीतूनच एक नवा प्रकार रुजला. १९७५ मध्ये जीएमए वाहिनीवर ‘काप्वा को, माहाल को’ हा कार्यक्रम सुरू झाला. गरीब रुग्ण पडद्यावर यावेत, त्यांची व्यथा सांगितली जावी आणि प्रेक्षकांनी मदत धाडावी, असे त्याचे स्वरूप होते. त्याचे एक निवेदक ओर्ली मर्काडो १९८७ मध्ये सिनेटर झाले आणि पुढे संरक्षणमंत्रीही. सरकारी दारात न मिळणारी दाद कॅमेऱ्यासमोर मिळते, हा धडा प्रेक्षकांनी मनाशी बांधून ठेवला.

५/
फेब्रुवारी १९८६ ने आवाजाची ताकद आणखी ठळक केली. कार्डिनल सिन यांनी लोकांना एड्सा मार्गावर येण्याचे आवाहन केले ते ‘रेडिओ व्हेरितास’वरून. त्या केंद्राचा प्रक्षेपक उद्ध्वस्त झाल्यावर जून कीथली यांनी दुसऱ्या केंद्रातून रात्रभर निवेदन चालू ठेवले. चार दिवसांत मार्कोस देश सोडून गेले. ज्या पिढीने हे ऐकले, तिच्या लेखी नभोवाणी ही निव्वळ करमणूक राहिली नाही.

६/
नोली दे कास्त्रो यांचा जन्म १९४९ चा, ओरिएंटल मिंदोरो प्रांतातील पोला गावचा. शिक्षण वाणिज्य शाखेचे. पत्रकारितेचा आरंभ नभोवाणीचे वार्ताहर म्हणून. १९८६ मध्ये एबीएस-सीबीएन पुन्हा उभी राहिली आणि मार्च १९८७ मध्ये तिने ‘टीव्ही पॅट्रोल’ हे बातमीपत्र सुरू केले. दे कास्त्रो त्याच्या पहिल्या निवेदकांपैकी एक होते.

७/
या बातमीपत्राची भाषा टागालोग होती, आणि तीही बाजारात, जीपनीत, अंगणात बोलली जाणारी. प्रतिष्ठित बातम्या इंग्रजीतच द्यायच्या असतात, हा समज त्याने मोडला. दे कास्त्रो श्रोत्यांना ‘काबायान’ म्हणत. ‘बायान’ म्हणजे देश, गाव, लोक. ‘काबायान’ म्हणजे आपल्याच मुलखातला माणूस. हळूहळू हे संबोधन त्यांनाच चिकटले. श्रोता त्यांना त्याच नावाने ओळखू लागला.

८/
१९८८ पासून ‘मागांदांग गाबी, बायान’ हा त्यांचा साप्ताहिक कार्यक्रम आला. त्यात गुन्ह्यांचा शोध होता, अन्यायाच्या कहाण्या होत्या आणि पितरांच्या दिवसांच्या सुमारास भुताखेतांचे विशेष भागही. एकच माणूस सायंकाळी बातमी सांगतो, गाऱ्हाणे ऐकतो आणि वर्षातून एकदा घाबरवतोही. अशी जवळीक कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला साधणे कठीण होते.

९/
आता निवडणुकीची रीत पाहू. सिनेटच्या २४ जागा. दर तीन वर्षांनी त्यांपैकी निम्म्या भरल्या जातात. मतदारसंघ एकच, अखंड देश. शिवाय २००७ पर्यंतच्या राष्ट्रीय निवडणुकांत मतपत्रिकेवर नावे छापलेली नसत. मतदाराने राष्ट्राध्यक्षापासून स्थानिक पदांपर्यंतची नावे आठवून स्वहस्ते लिहायची. पक्ष दुबळे, नेते घडोघडी पक्ष बदलणारे. अशा वेळी आठवणारे नाव हेच सर्वांत मोठे भांडवल ठरते.

१०/
निकाल याची साक्ष देतात. १९९८ मध्ये लेगार्डा सुमारे दीड कोटी मते घेऊन सिनेटच्या निवडणुकीत पहिल्या आल्या. २००१ मध्ये दे कास्त्रो पहिले आले. मते १ कोटी ६० लाखांहून अधिक. ते अपक्ष होते, पण पदच्युत राष्ट्राध्यक्ष एस्ट्राडा यांच्या समर्थकांच्या आघाडीचा त्यांना पाठिंबा होता. त्या वर्षी भरलेल्या १३ जागांपैकी ८ जागा प्रतिस्पर्धी आघाडीने, म्हणजे नव्या राष्ट्राध्यक्ष अरोयो यांच्या बाजूने, जिंकल्या. तरीही अव्वल स्थान ‘काबायान’चेच राहिले.

११/
तीन वर्षांनी हेच दे कास्त्रो अरोयो यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले, तर लेगार्डा चित्रपट अभिनेते फर्नांडो पो यांच्या जोडीला गेल्या. बाजू बदलल्याचा जाब मतदाराने फारसा विचारला नाही. दे कास्त्रो ८ लाख ८१ हजार ७२२ मतांनी विजयी झाले. लेगार्डांनी निकालाला आव्हान दिले. पण दरम्यान २००७ मध्ये त्या पुन्हा सिनेटवर गेल्या आणि जानेवारी २००८ मध्ये त्यांची तक्रार फेटाळली गेली.

१२/
फिलिपिन्सच्या उपराष्ट्राध्यक्षाला राज्यघटना फारसे काम देत नाही. मुख्य जबाबदारी एकच : राष्ट्राध्यक्षपद रिकामे झाल्यास ते सांभाळणे. बाकी राष्ट्राध्यक्ष देईल ते खाते. दे कास्त्रो यांच्याकडे गृहनिर्माण समन्वय परिषद आली. लोहमार्गालगतच्या झोपडवस्त्यांतील हजारो कुटुंबे हलवण्याचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. ज्यांची गाऱ्हाणी पूर्वी पडद्यावर मांडायची, त्यांना घर सोडा असे सांगणाऱ्या यंत्रणेचे ते आता प्रमुख होते.

१३/
खरी कसोटी २००५ मध्ये आली. अरोयो आणि एका निवडणूक आयुक्तामधील दूरध्वनी संभाषणाच्या ध्वनिफिती बाहेर आल्या आणि २००४ च्या मतमोजणीवर संशयाचे सावट पडले. ८ जुलैला दहा वरिष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामे देऊन अरोयो यांनी पायउतार व्हावे, अशी मागणी केली. त्या गेल्या असत्या तर सत्ता दे कास्त्रो यांच्याकडे आली असती. त्यांनी अरोयो यांची साथ सोडली नाही. ही निष्ठा होती की सावधपणा, यावर वाद होऊ शकतो. मात्र देशात सर्वाधिक प्रश्न विचारले जात असताना, प्रश्न विचारून मोठा झालेला हा माणूस उत्तरे देणाऱ्यांच्या बाकावर बसला होता, हे नाकारता येत नाही.

१४/
ते उपराष्ट्राध्यक्ष असतानाच, २३ नोव्हेंबर २००९ रोजी मगिंदानाओ प्रांतात ५८ जणांची हत्या झाली. एका उमेदवाराचा अर्ज भरण्यासाठी त्याचे नातेवाईक निघाले होते आणि सोबत पत्रकार होते. मृतांपैकी ३२ जण पत्रकार व माध्यम कर्मचारी. राजधानीत निवेदकाला निवडणूक सत्तेपर्यंत नेत होती. प्रांतात त्याच निवडणुकीची बातमी देणे जिवावर बेतत होते. दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या आणि एकाच काळातल्या.

१५/
सुरुवातीच्या जनमत चाचण्यांत नाव पुढे असूनही दे कास्त्रो २०१० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले नाहीत. नोव्हेंबरमध्ये ते ‘टीव्ही पॅट्रोल’वर परतले. सोबतचे निवेदक कोण? लेते प्रांताचे माजी लोकप्रतिनिधी टेड फेलोन आणि त्याच वर्षी उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले मार रोहास यांच्या पत्नी कोरिना सांचेझ. रोजच्या बातम्या सांगणाऱ्या तिघांपैकी एकही जण सत्तेच्या वर्तुळाबाहेरचा नव्हता. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये दे कास्त्रो यांनी सिनेटसाठी पुन्हा अर्ज भरला आणि काही दिवसांतच मागे घेतला.

१६/
त्याआधी मे २०२० मध्ये एबीएस-सीबीएनचा प्रक्षेपण परवाना संपला आणि वाहिनी बंद झाली. जुलैमध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नूतनीकरण नाकारले. ज्या वाहिनीने एक उपराष्ट्राध्यक्ष आणि अनेक लोकप्रतिनिधी दिले, तिचे भवितव्य लोकप्रतिनिधींच्याच हाती होते. पडद्यावरून मिळालेली सत्ता व्यक्तीबरोबर गेली. पडद्याच्या रक्षणाला ती उरली नाही.

१७/
हा सगळा केवळ हाताने लिहायच्या मतपत्रिकेचा परिणाम होता का? तसे म्हणता येत नाही. २०१० पासून नावे छापली जातात आणि मोजणी यंत्रे करतात. तरीही २०२२ मध्ये तक्रारनिवारणाचा कार्यक्रम चालवणारे राफी तुल्फो २ कोटी ३० लाखांहून अधिक मतांनी सिनेटवर गेले. त्यांच्या कार्यक्रमाच्या दारात फसवले गेलेले मजूर, परदेशात अडकलेल्या कामगारांचे नातेवाईक, टाकून दिलेल्या बायका रांग लावत. स्मरणापेक्षा खोल कारण ती रांग आहे.

१८/
म्हणून या मतदाराला भोळा ठरवून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. पोलीस ठाणे, न्यायालय आणि पक्षाचे कार्यालय जिथे दाद देत नाही, तिथे ऐकून घेणाऱ्याला मत देणे हा व्यवहारी निर्णय आहे. पण निवेदक एका वेळी एकाच गाऱ्हाण्याला न्याय मिळवून देतो; कायदा करणाऱ्याने ती रांगच लागणार नाही, असे पाहायचे असते. दे कास्त्रो यांच्या कारकिर्दीची आणि त्यांच्या वाटेने गेलेल्या सर्वांची खरी मोजणी तिथेच करावी लागेल : ती रांग कमी झाली का?