तळटीप: आलेखातल्या पापण्या

१२. लेखकाने येथे वर्णन केलेल्या, मेंदूच्या विद्युत आलेखातल्या (ईईजी) उंच लाटा मेंदूच्या नव्हेत, पापण्यांच्या आहेत. डोळ्याचा पुढचा भाग, म्हणजे कॉर्निया, मागच्या पडद्याच्या तुलनेत धनभारित असतो. पापणी त्यावरून सरकली की कपाळावरच्या इलेक्ट्रोडखाली सहज १०० मायक्रोव्होल्टच्या वर उसळी येते. मेंदूचे स्वतःचे सिग्नल डोक्याच्या त्वचेपर्यंत पोचताना बहुधा १० ते १०० मायक्रोव्होल्ट उरतात, म्हणजे साधी उघडझापही त्यांना झाकून टाकते. दात आवळले की कानशिलाच्या स्नायूंची दाट कुसळे उभी राहतात. घामाने रेषा सावकाश वाहवत जाते. आपल्याकडे ईईजीला येण्यापूर्वी ‘केस धुऊन या, तेल लावू नका’ असे बजावतात, तेही अशी भेसळ टाळण्यासाठीच. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही आणि खोलीतल्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट नोंदीत शिरतो.

हान्स बेर्गर यांनी येना येथे १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख प्रथम टिपला. प्रसिद्ध केला १९२९ मध्ये. मधली वर्षे त्यांनी नाडी, स्नायू, त्वचा यांच्यामुळे तर हे दिसत नाही ना, याची खातरजमा करण्यात घालवली. आमच्या मते त्यांची ही चिकाटी शोधाइतकीच मोलाची आहे. मात्र प्रत्येक ‘भेसळ’ टाकाऊ नसते: झोपेच्या अभ्यासात डोळ्यांची हालचाल मुद्दाम वेगळे इलेक्ट्रोड लावून नोंदतात, कारण स्वप्नांची झोप ओळखायला तीच उपयोगी पडते. — संपादक