दात दुखेपर्यंत आपण का थांबतो? दंतोपचारांचा थोडा इतिहास

धरमपेठेत जनरल प्रॅक्टिस करताना एक गोष्ट कायम दिसते. रक्तदाब मोजायला, साखर तपासायला लोक वेळेवर येतात. दातांसाठी मात्र गाल सुजेपर्यंत कोणी हलत नाही. तेव्हाही डेंटिस्टकडे जायची चिठ्ठी नको असते, "दोन दिवसांच्या गोळ्या द्या" असे म्हणणे असते. का जात नाही, असे विचारले की उत्तरे ठरलेली: सुई फार दुखते, मशीनने खोदतात, रूट कॅनाल केली की दात मरतो, सफाई केली की दात हलायला लागतात, वरची दाढ काढली की नजर जाते.

या भीतीला मी हसत नाही. यातली नजरेची गोष्ट सोडली, तर बाकी प्रत्येक भीतीच्या मागे कधीतरीचा खरा अनुभव आहे. आपल्या पणजोबांच्या काळात दात दुखेपर्यंत थांबणे हाच शहाणपणा होता, कारण लवकर जाऊन मिळण्यासारखे काही नव्हते. दुखणे असह्य झाले की दात उपटायचा, एवढाच उपचार होता. आता उपचार बदलले आहेत, पण थांबण्याची सवय तशीच राहिली. ही सवय कुठून आली आणि आता ती का सोडायला हवी, हे समजायला थोडा इतिहास पाहू.

काडी, कीड आणि चिमटा

दात स्वच्छ ठेवण्याची शिस्त आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत दिवसातून दोनदा दात घासायला सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत तर दातवणाचे मापही दिले आहे: बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढे जाड. दातांवर साचून घट्ट होणाऱ्या थराला तिथे 'दंतशर्करा' म्हटले आहे आणि तो खरवडण्यासाठी 'दंतशंकु' नावाचे शस्त्रही सांगितले आहे. आज डेंटिस्ट ज्याला स्केलिंग म्हणतात, त्याची कल्पना ही अशी जुनी आहे.

दात खराब का होतो, याचे उत्तर मात्र जगभर एकच होते: दातात कीड असते. 'दात किडला' हा आपला शब्दही त्याच समजुतीतून आला. खेड्यांत रिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घेऊन कीड पाडण्याचा उपाय आजही सांगितला जातो. युरोपात हेच खुरासानी ओव्याच्या बियांनी करत. पांढरे बारीक काहीतरी खाली पडे आणि रोग्याची खात्री पटे. ते विस्तवावर फुटलेल्या बियांमधले अंकुर होते.

पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याला दातात अळी कधीच दिसली नाही असे त्याने सांगितले आणि साखरेकडे बोट दाखवले. खरे कारण कळायला आणखी दीडशे वर्षांहून अधिक काळ गेला. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये दाखवून दिले की, तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ अन्न आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. कीड दिसत नाही, दुखतही नाही, पण काम चालू असते. दाताच्या वरच्या कवचात संवेदना नसते. दुखायला लागते तेव्हा पोखरणे आतल्या नसेच्या जवळ पोचलेले असते. म्हणून 'दुखत नाही म्हणजे ठीक आहे' हा हिशेब दातांना लागू पडत नाही.

सुईची भीती

भूल नव्हती तेव्हा दात काढणे म्हणजे दोघांनी धरायचे आणि एकाने ओढायचे. ही आठवण घराघरांत टिकली यात नवल नाही.

वेदनेवर मात करण्याची पहिली मोठी पावले दंतवैद्यांनीच टाकली, हे मात्र थोड्यांना माहीत असते. अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. ती काढली त्याचा सहकारी जॉन रिग्ज याने. त्यानंतर १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथर देऊन शस्त्रक्रिया वेदनेशिवाय होऊ शकते हे सर्वांसमोर दाखवले. आज अपेंडिक्सपासून बायपासपर्यंत जी भूल दिली जाते, तिची वाट दातांच्या खुर्चीपासून सुरू झाली.

फक्त तेवढा भाग बधिर करण्याची सोय १८८४ नंतर कोकेनने झाली, पण त्याचे व्यसन लागे आणि विषबाधाही होई. १९०५ च्या सुमारास प्रोकेन आले. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले आणि आज आपल्याकडे प्रामुख्याने तेच वापरले जाते. म्हणजे भरवशाची, सुरक्षित भूल सर्वसामान्य रोग्यापर्यंत पोचायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. तुमच्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट खरी होती. ती तुमच्या बाबतीत खरी असण्याचे कारण उरलेले नाही.

एक सूचना: पू झालेल्या, सुजलेल्या जागी भूल नीट लागत नाही. 'मला सुई लागूच पडली नाही' असे सांगणारे बरेच जण उशिरा गेलेले असतात.

खोदणे आणि भरणे

दात कोरण्याचे पायाने चालवायचे यंत्र १८७१ मध्ये आले. शिलाई मशीनसारखा पायटा होता. ते हळू फिरे, दात थरथरे आणि तापे. हवेच्या दाबावर मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेणारा एअरोटर १९५७ मध्ये आला. सोबत पाण्याचा फवारा असल्याने दात तापत नाही. आवाज मात्र अजून भीतीदायक आहे, हे मान्य.

भरायचे काय, हाही प्रश्न होता. पारा आणि चांदीचे मिश्रण १८३० च्या दशकात अमेरिकेत पोचले आणि त्यावरून दंतवैद्यांमध्ये मोठे भांडण पेटले. १८९५ च्या सुमारास जी. व्ही. ब्लॅक यांनी मिश्रणाचे प्रमाण बसवले आणि पुढची शंभर वर्षे तीच 'चांदी' जगभर दाढांत भरली गेली. ती टिकण्यासाठी चांगला दातही बराच कोरावा लागे. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवले की, दातावर सौम्य आम्ल लावून पृष्ठभाग खरबरीत केला तर भरण चिकटते. दाताच्या रंगाचे आजचे कॉम्पोझिट फिलिंग त्यातून आले आणि कोरायचे तेवढेच, जेवढे किडले आहे, हे शक्य झाले. मुलांच्या नव्या दाढांच्या खाचा बुजवणारे सीलंटही याच शोधाचे फळ.

पाऱ्यामुळे पर्यावरणाचे नुकसान होते म्हणून २०१३ च्या मिनामाता करारानुसार चांदीचा वापर जगभर कमी केला जात आहे. तुमच्या दाढेत जुनी चांदी असेल आणि ती नीट बसलेली असेल, तर घाबरून ती काढायला धावू नका.

रूट कॅनालची बदनामी

आतली नस किडली की ती काढून पोकळी बंद करायची, ही रूट कॅनालची कल्पना. १८३८ मध्ये एडविन मेनार्ड यांनी त्यासाठी घड्याळाच्या स्प्रिंगपासून बारीक हत्यार बनवले. १८६७ पासून पोकळी भरायला गट्टापर्चा हा झाडाचा चीक वापरला जाऊ लागला आणि आजही तोच वापरतात. पण मुळे किती लांब, किती वाकडी, हे दिसायचे कसे? १८९५ मध्ये एक्स-रेचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी दाताचे पहिले एक्स-रे काढले गेले. त्यानंतर हे काम अंदाजाने करायची गरज राहिली नाही.

याच सुमारास या उपचाराला वाईट नाव मिळाले, आणि त्याला आम्ही फिजिशियन मंडळी जबाबदार आहोत. १९१० मध्ये विल्यम हंटर या इंग्रज फिजिशियनने एका भाषणात दुरुस्त केलेल्या दातांखाली लपलेला जंतुसंसर्ग अनेक आजारांचे मूळ असल्याचे सांगितले. मग संधिवात, थकवा, अगदी मानसिक आजारांवरही उपाय म्हणून दातच्या दात काढले गेले. पुढे नीट तुलना झाली तेव्हा दात काढलेल्यांचे आजार काही बरे झालेले नव्हते. ही लाट ओसरली, पण 'मेलेला दात शरीरात विष पसरवतो' हे वाक्य मागे राहिले. नीट रूट कॅनाल केलेला, वर कॅप बसवलेला दात अनेक वर्षे चावायला कामी येतो. विषबाधेची भीती उपचार न केलेल्या, पू साठलेल्या दाताची बाळगावी.

सफाईबद्दलही असेच. वेल्सची दाढ काढणाऱ्या त्या रिग्जने पुढे आयुष्यभर सांगितले की, हिरड्या सुजून दात हलतात तेव्हा दात काढू नका, मुळांवरचा थर खरवडा. काही काळ पायोरियाला 'रिग्जचा आजार' असे नावच पडले होते. खूप साचलेला थर निघाला की हाड झिजल्यामुळे आधीच सैल झालेला दात हलताना जाणवतो, आणि दोष सफाईला मिळतो. मधुमेहींनी तर हे विशेष लक्षात ठेवावे: हिरड्यांच्या आजाराने साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेने हिरड्या बिघडतात.

राहिली नजर. वरच्या दातांची आणि डोळ्याभोवतीची संवेदना एकाच मोठ्या नसेच्या शाखांतून जाते, म्हणून दाढेची कळ डोळ्यापर्यंत जाते. दिसण्याचे काम करणारी नस पूर्ण वेगळी आहे. दात काढल्याने तिला धक्का लागत नाही.

आपल्याकडे काय घडले

भारतातले पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ चा. आपल्या नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले १९६८ मध्ये. म्हणजे आज सत्तरी ओलांडलेल्या नागपूरकराच्या बालपणी शहरात दंतवैद्य घडवणारी ही संस्था नव्हती. ज्या पिढीकडून आपण सवयी उचलल्या, तिला दात वाचवणारा डॉक्टर सहज भेटतच नव्हता.

त्या काळात घरोघरी होते ते मंजन. नागपूरहून मुंबईला गेलेल्या केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये विको सुरू केले आणि त्यांची वज्रदंती पावडर घराघरांत गेली. पण त्याच वेळी अनेक घरांत, विशेषतः बायकांमध्ये, मिश्री होती. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दात साफ होतात या समजुतीने बोट हिरड्यांवर फिरायचे आणि व्यसन लागायचे. टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी आणली. चुलीवर भाजलेल्या मिश्रीवर बंदी कोण आणणार?

विदर्भात मिश्रीची जागा खर्ऱ्याने घेतली आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून गालात धरला की आतली त्वचा हळूहळू ताठ होते, तिखट झोंबते, तोंड उघडेनासे होते. या आजाराचे वर्णन भारतात डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, खर्रा मात्र टपरीवर घोटला जातोच. तुमची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तपासणी करून घ्या. कर्करोगाची ही आधीची पायरी असू शकते आणि इथे थांबणे महागात पडते.

फ्लोराइडची गोष्टही आपल्या भागाशी जोडलेली आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये फ्रेडरिक मॅके यांना १९०१ मध्ये लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. हे दात डागाळलेले होते, पण किडत कमी होते. १९३१ मध्ये कारण सापडले: पाण्यातले जास्तीचे फ्लोराइड. अगदी थोडे फ्लोराइड दाताला बळकट करते, जास्त झाले की दात आणि हाडे बिघडवते. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे आणि तिथल्या मुलांचे दात डागाळलेले दिसतात. तिथे प्रश्न पाण्याचा आहे, तो ब्रशने सुटणार नाही. नागपूर शहराला पेंच आणि कन्हानचे पाणी मिळते. नदी-धरणाच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते. इथे फ्लोराइडची टूथपेस्ट वापरणे फायद्याचे आहे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट द्या आणि थुंकायला शिकवा.

मग आता काय करायचे?

- दिवसातून दोनदा ब्रश करा. रात्रीचा ब्रश चुकवू नका.
- दुखत नसले तरी वर्षातून एकदा दात दाखवा. मधुमेह असेल किंवा खर्रा-तंबाखूची सवय असेल, तर दर सहा महिन्यांनी.
- काळा ठिपका, थंड लागल्यावर कळ, ब्रश करताना रक्त: यातले काहीही दिसले की जा. या टप्प्यावर काम बहुधा फिलिंग किंवा सफाईवर भागते.
- औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक घेऊन दिवस काढू नका. गोळीने सूज उतरते, दाताचे भोक बुजत नाही.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डेंटिस्टला सांगा. ती मनाने बंद करू नका.
- जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, ताप: असे असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. दाताच्या पुवाने आजही जीव जाऊ शकतो.

आजोबांकडे चिमट्याशिवाय पर्याय नव्हता, म्हणून ते थांबले. आपल्याकडे पर्याय आहेत, पण ते सगळे वेळेवर गेलेल्यासाठी आहेत. फार उशीर केला तर आजही शेवटी चिमटाच उरतो, फक्त भूल चांगली मिळते.