तारेच्या आसेचें माप

संगीतशास्त्राचा इतिहास चाळतांना एक गोष्ट सहज ध्यानांत येते. स्वर किती उंच अथवा किती खालचा, हें मोजण्याच्या खटपटींत विद्वानांनीं शतकेंच्या शतकें वेंचलीं. परंतु छेडलेला स्वर किती वेळ टिकतो, हें मोजण्याकडे मात्र फार उशीरां लक्ष गेलें. ह्या टिकण्यास आमच्या गवयांच्या बोलींत 'आस' असें नांव आहे. तंबोऱ्याची तार छेडून बोट उचलल्यावर जो नाद मागें रेंगाळतो व हळूहळू विरत जातो, ती त्या तारेची आस. आज विजेची गिटार घ्यावयास निघालेला तरुण दुकानदाराला हीच गोष्ट विचारतो, आणि मिरजेस तंबोरा पसंत करावयास गेलेला गवईही अखेर हीच गोष्ट कानानें ताडून पाहतो. दोघांचा प्रश्न एकच. मग दोघांस एकाच मापानें उत्तर देतां येईल काय, हें पाहण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

आसेचें महत्त्व आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास राहून शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यांत स्वराचें लक्षण बांधतांना 'अनुरणन', म्हणजे आघातामागून येणारें घुमणें, हा गुण त्यानें आवश्यक मानला आहे. म्हणजे ज्या नादास आस नाहीं तो नाद असेल, पण स्वर नव्हे. लक्षण इतकें स्पष्ट असतांही माप मात्र उंचीचेंच होत राहिलें. सतराव्या शतकांत अहोबलानें 'संगीतपारिजातां'त तारेच्या लांबीवरून स्वरांचीं स्थानें सांगितलीं. त्याच शतकांत, इ. स. १६३६ मध्यें, फ्रान्समधील मर्सेन ह्यानें तारेची लांबी, ताण व वजन ह्यांवरून स्वराची उंची कशी ठरते ह्याचे नियम प्रसिद्ध केले. आमच्याकडे सांगलीचे कृ. ब. देवल ह्यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवरील आपलें पुस्तक छापलें. न्यायाधीश क्लेमंट्स ह्यांनीं १९१३ सालीं तीच बाजू पुढें चालविली. आणि १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेंत श्रुतींचा प्रश्न मोठ्या हिरीरीनें चर्चिला गेला. ह्या सर्व विद्वत्तेंत तार किती लांब हें विचारलें गेलें. ती किती वेळ बोलते हें कोणी विचारलें नाहीं.

ह्याचें कारण समजण्यासारखें आहे. तार जागची हलत नाहीं. तिला पट्टी लावावी आणि आंकडा लिहून घ्यावा. विरत जाणारा नाद मात्र मोजणाराची वाट पाहत नाहीं. त्याचें माप घ्यावयाचें तर एका हातीं घड्याळ हवें आणि दुसऱ्या हातीं नादाचा जोर मोजण्याचें साधन हवें. शिवाय नाद 'संपला' असें केव्हां म्हणावयाचें, हाही प्रश्नच आहे. कारण तीक्ष्ण कानास तो ऐकूं येत असतांनाच मंद कानास तो संपलेला असतो.

ही अडचण ज्यानें प्रथम पद्धतशीर सोडविली, तो वाद्यांचा अभ्यासक नव्हता. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत नवें व्याख्यानगृह बांधलें होतें. पण त्यांत बोललेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही, आणि पुढचा शब्द मागच्यांत बुडून जाई. १८९५ सालीं हें दुखणें पाहण्याचें काम वॉलेस सेबाइन नांवाच्या तरुण प्राध्यापकाकडे आलें. ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान एवढ्याच साधनांवर रात्रीच्या शांततेंत तो काम करी. शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या आणून खोलींत मांडी आणि घुमणें किती कमी झालें तें मोजी. त्याच्या कामांतून पुढें एक संकेत रूढ झाला: नादाची तीव्रता मूळच्या दशलक्षांशावर येण्यास लागणारा काळ तें त्याचें माप. आजच्या परिभाषेंत हीच साठ डेसिबेलची उतरण. संकेत ठरल्यामुळें 'संपला' ह्या शब्दाचा वाद मिटला, आणि जें खोलीस लागू तें तारेसही लागू करतां येऊं लागलें.

तारेची आस म्हणजे वस्तुतः एक जमाखर्च आहे. बोटानें तार ओढतांना तिच्यांत जी शक्ति जमा होते तीच तिची सारी पुंजी. नवी भर पडावयाची नाहीं. ह्या पुंजींतून कांहीं हवेच्या घर्षणांत जाते, कांहीं तारेच्या धातूंतच जिरते, आणि उरलेली घोडीच्या वाटेनें लाकडांत उतरते. साध्या गिटारची पातळ तबली ही शक्ति त्वरेनें उचलते व सभोंवतालच्या हवेस देते. म्हणूनच तें वाद्य आपणांस ऐकूं येतें. परंतु जी तार उदारपणें देते तिची पुंजी लवकर सरते. मोठा आवाज आणि लांब आस ह्या दोन गोष्टी एकाच तारेकडे मागणें म्हणजे एकच रुपया दोनदां खर्चण्याची अपेक्षा करणें होय.

विजेच्या गिटारनें ह्या जमाखर्चांतून एक वाट काढली. १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बीचम व अडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनीं ॲल्युमिनियमची एक ओतीव गिटार बनविली. तिच्या आकारावरून लोक तिला तवाच म्हणूं लागले. तारांखालीं चुंबक व तारेचें वेटोळें बसविलें होतें. पोलादी तार हलली कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न व्हावी आणि ती वाढवून कर्ण्यांतून ऐकूं यावी, अशी ही योजना. आतां आवाज देण्याचें काम लाकडाकडे राहिलें नाहीं. पुढें १९४०-४१ च्या सुमारास लेस पॉल ह्या वादकानें पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून तोच विचार शेवटास नेला: अंग भरीव ठेवावें, म्हणजे तार आपली पुंजी आपल्यापाशीं राखील. प्रथम ज्यांनीं त्या ओंडक्याची थट्टा केली, त्याच कारखानदारांनीं १९५२ सालीं त्याच्याच नांवानें भरीव गिटार बाजारांत आणली.

तेव्हांपासून कोणतें लाकूड व कोणती घोडी आस लांबवते, ह्याविषयीं पुष्कळ दावे करण्यांत आले. १९९८-९९ च्या सुमारास जर्मनींतील हेल्मुट फ्लायशर व टिलमान झ्विकर ह्या संशोधकांनीं ह्या वाद्यांची पडद्यापडद्यागणिक तपासणी केली. त्यांस आढळलें तें मोठें बोधप्रद आहे. एकाच गिटारच्या एकाच तारेवर एका पडद्यावरील स्वर दीर्घकाळ टिकतो, आणि शेजारच्या पडद्यावरील स्वर अकालीं मरतो. कारण दांडीला स्वतःची अशी कंपनें असतात. तारेचें कंपन त्यांतल्या एखाद्याशीं त्या ठिकाणीं जुळलें कीं दांडी तारेची शक्ति गिळून टाकते. तेव्हां 'ह्या गिटारची आस इतके सेकंद' हें वाक्यच अपुरें आहे. कोणत्या तारेची, कोणत्या पडद्यावरील, हें विचारल्याशिवाय त्यास अर्थ येत नाहीं.

आतां आपल्या तंबोऱ्याकडे वळूं. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं १९२१ सालीं तंबोरा व वीणा ह्यांवर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक तारेंत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर असतात. तार ज्या बिंदूवर छेडली, तेथें ज्या उपस्वराचें कंपन शून्य असतें तो उपस्वर ऐकूं येऊं नये, असा यूरोपांतील टॉमस यंगचा नियम होता. रामन ह्यांनीं दाखविलें कीं तंबोरा हा नियम पाळीत नाहीं; जो उपस्वर मुका असावयाचा तो तेथें स्पष्ट गातो. ह्याचें रहस्य जवारींत आहे. घोडीचा माथा धारदार नसून रुंद व किंचित् उतरता असतो. तार त्याला चाटून जाते, आणि मध्यें सरकविलेला सुताचा दोरा हा स्पर्श नेमका साधतो. प्रत्येक हेलकाव्यास तार त्या उतारावर टेकते व उठते, आणि असें होतांना खालच्या स्वराची शक्ति वरच्या उपस्वरांकडे वळत राहते. इतर वाद्यांत उपस्वर आधीं मरतात व मूळ स्वर मागें राहतो. तंबोऱ्यांत उपस्वरांना मागून रसद मिळत असते.

ह्यावरून आमचा मुख्य मुद्दा निघतो. धारदार घोडीवर ताणलेली तार घड्याळानें कदाचित् अधिक काळ बोलेल, तरी गवई तो तंबोरा परत करील. त्याला हवी आहे ती उपस्वरांची आस, केवळ तारेची नव्हे. मिरजेस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब प्रभृति मंडळी वाद्यांकडे वळली, आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानें तो धंदा वाढला. पंढरपूरकडचा भोपळा आणि तुणीचें लाकूड घेऊन ही मंडळी तंबोरा घडवितात, आणि जवारी कानानें घासून लावतात. तो कान काय मोजतो? रामन ह्यांनीं जें शब्दांत मांडलें, तेंच: कोणता उपस्वर केव्हां उमलतो आणि केव्हां मावळतो. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु मानांकनाचा कागद मिळवून हा कान पुढच्या पिढींत उतरत नाहीं. आज यंत्रांतला तंबोरा अखंड वाजतो, आणि १९७६ पासून बाजारांत आलेल्या 'ई-बो' ह्या साधनानें गिटारची तारही हवी तितका वेळ कांपत ठेवतां येते. घड्याळ हेंच एकमेव माप मानलें तर ह्या दोघांपुढें मिरजेचा कारागीर हरलाच. परंतु जो नाद विरतच नाहीं, त्यास आस कसली?

मग तुलना करूंच नये काय? करावी, पण तिची रीत भरतानें नाट्यशास्त्रांतच घालून दिली आहे. श्रुति समजावून देण्यासाठीं त्यानें दोन सारख्या वीणा घेतल्या. एक जशीच्या तशी ठेवली, ती ध्रुववीणा. दुसरीच्या तारा क्रमानें उतरविल्या, ती चलवीणा. एक स्थिर, एक चल, आणि एका वेळीं बदल एकच. ही शिस्त आजच्या प्रयोगशाळेसही शिरोधार्य आहे. आमच्या हातखंब्यासारख्या ठिकाणीं तर तिची गरज विशेष. रत्नागिरीची वाट येथें महामार्गास मिळते, आणि पुढें पालीवरून आंबा घाट चढून मिरजेकडे जातां येतें. त्याच वाटेनें वरच्या कोरड्या हवेंतील तंबोरा कोंकणांत उतरतो. चार महिने पाऊस झाला कीं तारा गंजतात, लांकूड ओल धरतें, आणि घरांतलीं माणसें म्हणूं लागतात कीं वाद्यच बिघडलें. अशा वेळीं प्रथम तार तेवढी नवी घालावी, बाकी सर्व तसेंच ठेवावें. गंजलेल्या तारेचे उपस्वर आधीं मरतात. आस परत आली तर दोष तारेचा होता. न आली तर दोरा हलवून पाहावा. आणि त्यानंतरच घोडी कारागिराकडे न्यावी.

सारांश, आस मोजतां येते, आणि मोजावीही. मात्र आंकडा सांगण्यापूर्वीं कोणत्या स्वराची, कोणत्या जागीं, आणि काय स्थिर ठेवून, हीं तीन उत्तरें दिलीं पाहिजेत. तीं देणारें यंत्र आज कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत मांडतां येईल. तें मिरजेच्या जुन्या कारागिराच्या शेजारीं नेऊन ठेवावें, आणि त्याच्या हाताखालीं जवारी लागत असतांना एकेक उपस्वराची उतरण टिपून घ्यावी. त्याचा कान जें निवडतो तें कागदावर उतरलें, तर शिकाऊ पोरास त्यांतून कांहीं तरी धरतां येईल. आणि हें काम तो कान आहे तोंवरच होण्यासारखें आहे.